बांधकामावरचे अपघात: कामगार आणि त्यांच्या घरचे नेहमी विचारतात ते प्रश्न

पुण्यातल्या मजूर अड्ड्यांवर आणि लेबर कॅम्पमध्ये आम्ही जातो तेव्हा तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकदा उशिरा येतात. माणूस दवाखान्यात असतो किंवा त्याला गावी पोहोचवलेलं असतं, आणि मग कोणीतरी विचारतं, "आता काय करता येईल?" म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

माझे वडील सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखाली फळ्या आणि टेकू उभारायचं, काम करत. एका बंगल्याच्या स्लॅबवरून पडून त्यांचा खुबा मोडला, आणि दवाखान्याच्या कागदावर "घरी पाय घसरून पडले" असं लिहिलं गेलं. त्या एका ओळीमुळे पुढे आम्हाला काहीच मागता आलं नाही. खाली ती ओळ पुन्हा पुन्हा येईल.

पाय घसरून पडला म्हणतात. मग चूक त्याचीच ना?

पाय सगळ्यांचाच घसरतो. घरात, रस्त्यावर, देवळाच्या पायरीवर घसरला तर माणूस ढोपर चोळत उठतो. साइटवर घसरला तर मरतो, कारण तिथे स्लॅबच्या कडेला कठडा नसतो, लिफ्टच्या डक्टला (उभ्या पोकळीला) अडसर नसतो, परांचीवर (कामासाठी बांधलेल्या मचाणावर) पाय ठेवायला एकच फळी असते. तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे साधारण 9 मीटरवरून पडणारा माणूस दीड सेकंदाच्या आत खाली येतो. जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी 48 किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेळात कोण सावध होणार? चौकशीला कोणी आलं तर त्याला एवढंच विचारा: ती कड उघडी का होती, आणि ती बंद करायचं काम कोणाचं होतं?

पेपरात येतात ते मोठेच अपघात. रोजच्या कामात एवढा धोका असतो का?

मोठे अपघात लोकांच्या लक्षात राहतात. 29 जुलै 2016 ला बालेवाडीत वरच्या मजल्याचा स्लॅब भरताना कोसळला, 9 मजूर गेले. 29 जून 2019 ला कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली, 15 जण गेले. फेब्रुवारी 2022 मध्ये येरवड्याला तळघरासाठी बांधलेली सळयांची जड जाळी अंगावर येऊन 5 जण गेले. 1 ऑगस्ट 2023 च्या मध्यरात्रीनंतर शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर, म्हणजे पुलाच्या तुळया बसवणारं अवजड यंत्र, कोसळला, 20 जण गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात ठाण्याच्या बाळकुममध्ये उंच इमारतीची लिफ्ट तुटली, 7 जण गेले.

पण आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं एकेकटी जखमी झालेली असतात. डक्टमध्ये पडलेला बिगारी. ग्राइंडरची चकती फुटून डोळा गेलेला फिटर. वरून आलेल्या विटेने डोकं फुटलेली, घमेलं वाहणारी बाई. ओल्या जागेत काँक्रीट बसवायच्या व्हायब्रेटरचा शॉक लागलेला पोरगा. यांची बातमी होत नाही, म्हणून त्यांच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस तसाच उभा राहतो.

सुरक्षेचा पट्टा घालून काम उरकत नाही. खरंच लागतो का?

लागतो. पण पट्टा नुसता अंगावर असून उपयोग नाही, त्याचा हूक कुठे अडकवला हे महत्त्वाचं. अनेक साइटवर पट्टा फोटोपुरता घालायला देतात आणि हूक लोंबकळत असतो. परांचीच्या ज्या पाइपावर तुम्ही उभे आहात त्यालाच हूक लावला, तर परांचीबरोबर तुम्हीही खाली. हूक डोक्याच्या वर, पक्क्या बीमला किंवा आडव्या ताणलेल्या लाइफलाइनला हवा. कमरेचा एकेरी पट्टाही धोक्याचा: झटका बसला की सगळं वजन पोटावर आणि मणक्यावर येतं. खांदे आणि मांड्या दोन्ही धरणारा पूर्ण हार्नेस मागा.

आणखी एक गोष्ट साइटवर क्वचितच सांगतात. हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाला लवकर उतरवावं लागतं. मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्त पायांत साठतं आणि काही मिनिटांत त्याला भोवळ येऊ शकते. तेव्हा उतरवायची शिडी आणि दोर कुठे आहे हे काम सुरू करण्याआधी विचारून ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे: पट्टा हा शेवटचा उपाय. आधी कठडा, मग जाळी, मग पट्टा. ज्या साइटवर कठडे नाहीत आणि पट्टा न लावल्याचा दंड मात्र मजुराकडून कापतात, तिथे सुरक्षेची सगळी जबाबदारी सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर टाकलेली असते.

परांची धड आहे की नाही हे आपण कसं ओळखायचं?

इंजिनिअर असायची गरज नाही. चढण्याआधी खालून बघा. पाय मातीत किंवा विटेच्या तुकड्यावर टेकवले असतील तर चढू नका, खाली लाकडी फळी किंवा लोखंडी प्लेट हवी. तिरके आधार आहेत का? इमारतीला ठिकठिकाणी बांधली आहे का? वर फळ्या सलग आहेत का, आणि त्यांची टोकं बांधली आहेत का? टोक मोकळं असलेली फळी एका बाजूला पाय पडला की झोपाळ्यासारखी उचलते. कमरेच्या उंचीला आडवा पाइप आणि फळ्यांच्या कडेला उभी पट्टी हवी, म्हणजे हत्यारं खालच्याच्या डोक्यावर पडत नाहीत. पाऊस किंवा जोराचा वारा येऊन गेल्यावर पुन्हा तपासल्याशिवाय कोणीही चढू नये.

स्लॅबखालच्या सेंट्रिंगचं तसंच. ओलं काँक्रीट फार जड असतं, एका घनमीटरचं वजन सुमारे अडीच टन. पंपाने ते एकाच जागी ढिगाने पडलं आणि खालचे जॅक वाकडे किंवा मोकळ्या मातीवर उभे असले, तर स्लॅब बसायला क्षणही लागत नाही. स्लॅब भरताना खाली कोणी थांबायचं नाही. चहालाही नाही.

खड्ड्यात उतरताना काय बघायचं?

छातीएवढा खड्डासुद्धा माणूस मारतो. एक घनमीटर माती दीड टनाहून जड भरते, आणि ती छातीवर दाबून बसली की तोंड उघडं असूनही श्वास घेता येत नाही. दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजू उतरत्या कापायला हव्यात किंवा फळ्या लावून रोखायला हव्यात. काळी माती उन्हात तडकते आणि पावसात फुगते, तिच्यावर विश्वास नको. काढलेली माती, विटा, डंपर हे सगळं काठापासून लांब. वर चढायला शिडी जवळच हवी. कोणी गाडला गेला तर लगेच उडी मारू नका. दुसरी बाजू ढासळून वाचवणाराही जातो, हे आम्ही पाहिलं आहे.

जुन्या सेप्टिक टाकीत किंवा मॅनहोलमध्ये तर कोणाच्याही सांगण्यावरून उतरू नका. विषारी वायूचा कायम वास येतोच असं नाही.

विजेचा शॉक टाळायला मजूर काय करू शकतो?

वायरची उघडी टोकं काड्यापेटीच्या काडीने सॉकेटमध्ये खोचलेली दिसली की ते मशीन हातात घेऊ नका. पाण्यातून गेलेली वायर, चिकटपट्टी गुंडाळलेले जोड, लोखंडी परांचीवरून टाकलेली केबल, हे सगळं तसंच. साइटच्या विजेच्या बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा गळती रोखणारा स्विच असला तर शॉक लागताच वीज बंद पडते. तो फार महाग नसतो. आहे का विचारा. सळई किंवा ॲल्युमिनियमची पट्टी उभी करून नेताना वर बघा, महावितरणच्या तारा डोक्यावरच असतात.

अपघात झाला. पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

108 ला फोन. हा सगळ्यात आधी, मुकादमाला फोन करण्याच्याही आधी.

उंचावरून पडलेल्याला उचलून बसवू नका, पाणी पाजू नका, टेम्पोत दुमडून टाकू नका. मणका मोडला असेल तर चुकीच्या उचलण्याने पाय कायमचे जातात. मान हलू न देता तसंच पडून राहू द्या. न्यावंच लागलं तर चारपाच जणांनी एकदम, सपाट फळीवर. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपडा जोरात दाबून धरा. सळई अंगात घुसली असेल तर ती उपसू नका, ती आत असते तोवर रक्त धरून ठेवते. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद. बोट तुटलं असेल तर तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कपड्यात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. बर्फ थेट बोटाला लागू देऊ नका. डोळ्यात सिमेंट किंवा चुना गेला तर न चोळता, वाहत्या पाण्याखाली किमान 15 ते 20 मिनिटं डोळा धरा आणि मग दवाखाना.

एकजण माणसाजवळ राहील, दुसऱ्याने मोबाइलवर जागेचे फोटो काढायचे: ती कड, तो डक्ट, ती फळी, साइटचा बोर्ड. संध्याकाळपर्यंत तिथे कठडा लागलेला असतो.

दवाखान्यात काय सांगायचं?

खरं. "कामावर, अमुक साइटवर, अमुक मजल्यावरून पडला." केसपेपरवर हेच लिहिलं गेलं पाहिजे, आणि ते लिहिलंय का हे वाचता येणाऱ्याकडून तिथेच वाचून घ्या. अशी केस मेडिको-लीगल म्हणून नोंदवतात आणि पोलिसांना कळवतात. त्याला घाबरू नका, ती नोंद तुमच्या बाजूची असते. सोबत आलेला सुपरवायझर बऱ्याचदा तुमच्याऐवजी बोलतो आणि "घरी पडला" किंवा "गाडीवरून पडला" असं सांगतो. तेव्हा घरचं एक माणूस खिडकीपाशी उभं असायला हवं. माझ्या आईला हे कोणी सांगितलं नव्हतं.

टाके, एक्स-रे, औषधं यांची प्रत्येक पावती जपा. इलाजाचा खरा खर्च मालकाने द्यायचा असतो, भरपाईच्या वर.

ठेकेदार म्हणतो, पोलिसांत जाऊ नका, रोख पैसे देतो. घ्यावेत का?

इलाजासाठी देत असेल तर घ्या, आणि किती घेतले ते लिहून ठेवा. पण कोऱ्या कागदावर किंवा "आता काही तक्रार नाही" अशा स्टॅम्पपेपरवर अंगठा लावू नका. आपला भरपाईचा हक्क सोडून देण्याचा असा करार कायद्यात टिकत नाही, तरी तो कागद पुढे वर्षभर छळतो. मृत्यू झाला असेल तर भरपाईची रक्कम दावे बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते, परस्पर घरच्यांच्या हातात देऊन मालक मोकळा होत नाही. मृतदेह आणि दोन-तीन लाख रुपये देऊन रातोरात गावी पाठवून देतात तेव्हा त्या विधवेला खरी रक्कम कधी कळतच नाही.

खरी रक्कम किती असते?

हिशोब वय आणि मजुरीवर ठरतो. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीच्या 50 टक्के गुणिले वयाचा ठरलेला आकडा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 60 टक्के गुणिले तोच आकडा. मजुरी कितीही असली तरी हिशोबाला महिन्याचे जास्तीत जास्त 15,000 रुपये धरतात, ही मर्यादा जानेवारी 2020 पासूनची आहे.

समजा 30 वर्षांचा गवंडी, रोज 700 रुपये हजेरी, महिन्याला 26 दिवस. मजुरी 18,200 होते, धरायचे 15,000. तिशीचा आकडा 207.98. त्याचा मृत्यू झाला तर 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर 18,71,820. वर सांगितलेले दोन-तीन लाख याच्या शेजारी ठेवून बघा.

अर्धवट अपंगत्वाला, पूर्ण अपंगत्वाच्या रकमेचे टक्के ठरलेले आहेत. पूर्ण अंगठा गेला तर 30 टक्के, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर 40. पण टक्क्यांवर गप्प बसू नका. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा दावा होता. काम करताना पडून त्याचा डावा हात कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं नुकसान पूर्ण अपंगत्वाचं धरलं गेलं. गवंडी, फिटर, सेंट्रिंगवाला, सगळ्यांना हेच लागू पडतं: तुमचं काम तुम्हाला पुन्हा करता येतं का, हे डॉक्टरांच्या दाखल्यात यायला हवं.

मुदतीत पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं, आणि उगाच टाळाटाळ केली असेल तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंडही. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावा.

कायदे बदलले म्हणतात. आता जुने हक्क गेले का?

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यातल्या सुरक्षेच्या तरतुदी दुसऱ्या एका संहितेत गेल्या. वर दिलेली 50 आणि 60 टक्क्यांची पद्धत तशीच आहे. कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, आता भरपाईत धरला जातो. टेम्पोत कोंबून नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठी ही मोठी गोष्ट आहे. 250 किंवा जास्त कामगारांच्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो.

माझं नाव कुठल्याच कागदावर नाही. अड्ड्यावरून उचलून नेलं होतं. काही मागता येईल का?

येईल. एक दिवसाच्या कामावर अपघात झाला तरी हक्क आहे. ठेकेदार हात वर करतो, सापडत नाही, त्याच्याकडे पैसे नसतात. म्हणून कायद्याने मूळ मालक, म्हणजे ज्याच्या धंद्याचं काम चाललं होतं तो बिल्डर किंवा कंपनी, यालाही जबाबदार धरलं आहे. तो पैसे भरून मागून ठेकेदाराकडून वसूल करू शकतो, तुम्ही मध्ये थांबायची गरज नाही. मोठ्या कामांवर मालकाने कामगार भरपाईची विमा पॉलिसी काढलेली असते, तिची माहिती मागा.

तुम्ही तिथे होता हे दाखवायला गेटवरची नोंद, मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज, फोन पेवर आलेली हजेरी, साइटवर काढलेला सेल्फी, सोबतच्या मजुरांचा जबाब, सगळं चालतं. आम्ही अड्ड्यावर सांगतो की रोज सकाळी साइटचा बोर्ड दिसेल असा एक फोटो काढून घरी पाठवा.

हेल्मेट घातलं नव्हतं, किंवा दारू प्यायला होता. मग दावा संपला?

मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर या कारणांनी भरपाई नाकारता येत नाही. बाकीच्या जखमांत मालक ही हरकत घेऊ शकतो, पण ती त्याला सिद्ध करावी लागते. हेल्मेट दिलंच नव्हतं तर "घातलं नाही" म्हणता येत नाही.

बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी कशाला?

भरपाई मालकाकडून येते, मंडळाची मदत वेगळी. दोन्ही मिळू शकतात. महाराष्ट्राचं मंडळ 1 मे 2011 ला स्थापन झालं, आणि बांधकामाच्या खर्चावर लागणाऱ्या 1 टक्का उपकरातून त्याचा पैसा येतो. वय 18 ते 60 आणि गेल्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम, एवढी अट. नोंदीत कामगार कामावर मेला तर वारसाला 5 लाखांच्या मदतीची योजना आहे. बिहार, झारखंड, कर्नाटकातून आलेल्यांनाही इथे नोंदणी करता येते. अडचण 90 दिवसांच्या दाखल्याची. ठेकेदार सही देत नाही, आणि मग दलाल पैसे घेऊन दाखला विकतो. दलालाकडे जाऊ नका. ग्रामसेवकाकडून किंवा महापालिकेच्या संबंधित अधिकाऱ्याकडूनही दाखला मिळतो. नूतनीकरण दरवर्षी करा. मुदत संपून गेलेल्या कार्डावर दावा अडकतो.

धूळ आणि सिमेंटचा त्रास हीसुद्धा इजा का?

हो, फक्त ती सावकाश होते. ग्रॅनाइट, कोटा फरशी, काँक्रीट कोरडं कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि अनेकदा टीबी समजून वर्षानुवर्षं चुकीचा इलाज चालतो. तेव्हा डॉक्टरांना आपलं काम आवर्जून सांगा. कापताना पाणी सोडा. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही, एन-95 मास्क अडवतो. ओलं सिमेंट कातडी जाळतं. गमबूटात शिरलं तर लगेच काढून पाय धुवा, सुट्टीपर्यंत थांबू नका.

मी घरमालक आहे. वर एक मजला चढवतोय. माझा काय संबंध?

संबंध आहे. रोजंदारीवर माणसं तुम्हीच लावली असतील तर त्यांचे मालक तुम्ही. ठेका दिला असेल तरी दर ठरवताना परांची, जाळी, हेल्मेट यांचे पैसे वेगळे मोजा आणि ते दिसल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. सगळ्यात कमी दर देणारा ठेकेदार हेच पैसे वाचवतो. जिन्याची आणि डक्टची उघडी तोंडं पहिल्या दिवशी बंद करून घ्या. पाण्याच्या टाकीवर झाकण टाका: मजुरांची लहान मुलं तिथेच खेळत असतात, आणि बांधकामावरच्या टाकीत बुडालेली मुलं आम्ही पाहिली आहेत.

काम धोक्याचं वाटलं आणि नाही म्हटलं, तर उद्या कोण बोलावणार?

ही भीती खरी आहे. एकट्याने नकार दिला की हजेरी जाते, म्हणून एकट्याने देऊ नका. परांचीवर चढणारे पाच-सहा जण मिळून मुकादमाला सांगा: फळ्या बांधा, मग चढतो. स्लॅबच्या दिवशी त्याला माणसं हवीच असतात, तो अर्धा तास देतो. नाहीच दिला, तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. पुढे काही झालंच, तर धोका आधी सांगितला होता हे त्या पोचेवरून दाखवता येतं, आणि मग कागदावर "पाय घसरला" एवढंच लिहून कोणाला सुटता येत नाही.